साऱ्या बाजाराला एकच पासवर्ड

ग्वाल्हेर

संगणक-सेवा पुरवणाऱ्या महाशयांस,



तुमचं नाव या पत्रात येणार नाही. नाव घातलं तर लोक तुम्हाला एकट्याला बोल लावतील आणि लष्कर, मुरार, हजिरा भागात तुमच्यासारखंच काम करणारे बाकीचे सुटतील. तुमची ओळख कामावरूनच पटावी. पेढीत संगणक बसवायचा, टॅली घालून द्यायचं, प्रिंटर जोडायचा, जीएसटीचं पोर्टल उघडून दाखवायचं, आणि निघताना दुरून संगणकात शिरण्याचं एक सॉफ्टवेअर मालकाला न विचारता टाकून ठेवायचं. 'काही अडलं तर फोन करा, मी तिथूनच बघतो,' असं सांगून तुम्ही गेलात. तुम्ही तिथून बघता हे खरं. कधी बघता, किती वेळ बघता, तुमच्याखेरीज आणखी कोण बघतं, हे पेढीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी दाल बाजारातल्या काही पेढ्यांचे हिशेब लिहिते. त्यांतल्या एका पेढीवर सकाळी टॅली उघडेना. फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला अनोळखी शेपूट लागलं होतं आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी होती. तुम्ही आलात, 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल' म्हणालात आणि तासाभरात फॉरमॅट मारून मोकळे झालात. आत कोण शिरलं, कुठून, किती वाजता, याच्या ज्या काही खुणा त्या संगणकावर होत्या त्याही तुम्ही त्याबरोबर पुसल्यात. बॅकअप आहे म्हणालात. तो त्याच संगणकाला रात्रंदिवस जोडलेल्या डिस्कवर होता, त्यामुळे तोही खंडणीखोरांच्या ताब्यात गेलेला. उधारीची खाती, मालाचा साठा, वाहतूकदारांचे हिशेब, सगळं वह्यांतून आणि बिलांच्या गठ्ठ्यांतून पुन्हा उभं करावं लागलं. म्हाताऱ्या मुनीमजींनी रात्री जागून ते केलं. तुम्ही त्या दिवसाचं सेवाशुल्क मात्र घेऊन गेलात.

मग शेजारच्या पेढीत कीबोर्डखाली तुम्ही चिकटवलेली कागदाची पट्टी मी पाहिली. तिच्यावर तोच पासवर्ड होता, अक्षर न् अक्षर. तुमच्या दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. पलीकडच्या गल्लीतही तोच. जो तुमच्या दुकानाची पाटी वाचू शकतो, त्याला तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा पासवर्ड निम्मा येतोच. त्या रात्री शिरलेला माणूस याच वाटेनं आला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तपासायला तुम्ही काही शिल्लकच ठेवलं नाही.

ग्वाल्हेरच्या माणसाला वाटेचं महत्त्व सांगावं लागू नये. १७८० च्या ऑगस्टमध्ये आपला किल्ला महादजी शिंद्यांच्या माणसांकडे होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपमकडे तो तोफांनी फोडण्याइतकी ताकद नव्हती. गोहदच्या राण्याशी त्याची दोस्ती होती, आणि कड्यावरच्या वाटा पाठ असलेली स्थानिक माणसं त्याला मिळाली. पावलं वाजू नयेत म्हणून शिपायांना कापूस भरलेली पायताणं दिली, अंधारात शिड्या लावल्या, आणि दिवस उजाडेपर्यंत हिंदुस्थानातला नामांकित दुर्ग गेला. तटबंदी जशीच्या तशी होती. दरवाजे बंदच होते. तुम्ही पेढ्यांना महागडे अँटिव्हायरस विकता, वर्षाला नूतनीकरणाचे पैसे घेता, ती तुमची तटबंदी. आणि कड्यावरची वाट तुम्हीच उघडी ठेवता.

ती अँटिव्हायरसला दिसत का नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकाला कधी समजावलं नाहीत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही सॉफ्टवेअरं विषाणू नव्हेत. जर्मनीतल्या नोंदणीकृत कंपन्यांची ती रीतसर उत्पादनं आहेत आणि जगभर रोज प्रामाणिक कामासाठी वापरली जातात. म्हणूनच सुरक्षा-सॉफ्टवेअर बहुधा त्यांना अडवत नाही. अडवलंच, तर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन 'याला सोडा' अशी सूट देऊन ठेवता. पासवर्ड हाती असलेल्या चोराला मग वेगळं हत्यार आणायची गरज उरत नाही. तो आत येतो, अँटिव्हायरस बंद करतो, बॅकअप शोधतो आणि शेवटी फाइलींना कुलूप लावतो. काही सुरक्षा-उत्पादनांत ती बंद करायलाही वेगळा पासवर्ड लावता येतो. तो पर्याय एकाही पेढीत तुम्ही चालू केलेला मला आढळला नाही.

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना एनीडेस्कच्या नावानिशी सावध केलं होतं. गिऱ्हाइकाला फोन करून ते ॲप टाकायला लावायचं, त्यावर उमटलेला नऊ आकडी क्रमांक विचारून घ्यायचा, आणि मग त्याच्या मोबाइलवरून यूपीआयचे व्यवहार करायचे, अशी ती पद्धत होती. त्या भामट्यांना निदान माणसाला बोलण्यात गुंतवावं लागे. पलीकडच्या माणसानं क्रमांक सांगितला नाही तर त्यांचा डाव फसे. तुम्ही मात्र कुणी समोर नसताना, कुणी 'हो' न म्हणता आत येण्याची सोय कायमची चालू ठेवलीत. 'शेठजींना मधेच उठून होकार दाबावा लागू नये' हे तुमचं कारण. पण तो एक होकार हीच शेठजींच्या हातातली शेवटची गोष्ट होती.

या शहरात फसवणूक कोणत्या थराला गेली आहे, हे तुम्हीही वाचलं असेल. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये ग्वाल्हेरच्या रामकृष्ण मिशन आश्रमाच्या सचिवांना भामट्यांनी आपण नाशिक पोलीस आहोत असं भासवून, पैशांच्या अफरातफरीचा आरोप ठेवून, २६ दिवस फोनच्या पडद्यासमोर जखडून ठेवलं. आश्रमाचे २ कोटी ५२ लाख रुपये गेले. आपल्या मराठी कानांना नाशिकचं नाव ऐकून धक्का बसला, आणि चोरांना हवा होता तो विश्वास त्या नावातून मिळाला. पण मला त्या बातमीतला २६ हा आकडा आठवत राहतो. एका संन्यस्त माणसाचं मन मोडायला त्या टोळीला एवढे दिवस लागले. तुमच्या पट्टीवरचा पासवर्ड ज्याच्या हाती पडेल, त्याला कुणाशी एक शब्दही बोलावा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, दुरून मदत न करता चालणार कसं? अगदी बरोबर. मे महिन्यात इथला पारा ४५ च्या वर जातो. हजिऱ्याहून लष्करात, तिथून मुरारला, संध्याकाळी डबऱ्याला किंवा मुरैन्याला एका प्रिंटरसाठी धावणं शक्य नाही. विवरणपत्र भरायच्या शेवटच्या रात्री तुम्ही घरून केलेली मदत मी पाहिली आहे, आणि तिची कदर मला आहे. दुरून संगणक हाताळण्याची सोय व्यापाराला हवीच. माझा प्रश्न एवढाच आहे, की कोणती सोय घ्यायची हे कुणी ठरवलं? जोखीम ज्याची, त्याला विचारलं का?

तुम्ही ठरवलंत, आणि एकाच कसोटीवर: फुकट. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कची फुकट आवृत्ती खासगी वापरासाठी असते, धंद्यासाठी नाही. धंद्याचा वापर ओळखू आला की जोडणी तुटते, म्हणून तुम्ही कुठून तरी क्रॅक केलेली जुनी आवृत्ती आणलीत आणि सगळीकडे तीच टाकलीत. ती अद्ययावत होऊ शकत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला एनीडेस्कनं जाहीर केलं की त्यांच्या स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती. कंपनीनं आपली जुनी प्रमाणपत्रं रद्द केली, नवी आवृत्ती काढली, पासवर्ड बदलायला सांगितलं. त्या आठवड्यात तुम्ही एका तरी पेढीला फोन केलात? त्याच महिन्यात स्क्रीनकनेक्ट नावाच्या अशाच सॉफ्टवेअरमधला दोष उघड झाला. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण होते. पासवर्ड न देताच कुणीही स्वतःला प्रशासक बनवू शकत होतं. अशा बातम्या वाचणं हा तुमच्या धंद्याचा भाग आहे. आम्ही हळदीचे आणि डाळीचे भाव वाचतो तसा.

स्वीडनच्या कोऑप या किराणा साखळीची गोष्ट तर तुम्ही पाठ करावी. २ जुलै २०२१, शुक्रवार. अमेरिकेतल्या कासेया कंपनीचं एक सॉफ्टवेअर होतं, तुमच्यासारखे सेवा पुरवठादार त्यातून एका जागी बसून शेकडो गिऱ्हाइकांचे संगणक सांभाळत. रेव्हिल टोळीनं त्यातला दोष शोधला आणि त्याच वाटेनं खंडणीचा विषाणू खाली सोडला. थेट फटका बसला तो ६० पेक्षाही कमी कंपन्यांना, पण त्यांच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचताना आकडा दीड हजारांच्या घरात गेला. कोऑपचे गल्ले बंद पडले आणि सुमारे ८०० दुकानांना टाळी लागली. लक्षात घ्या, कोऑपनं कासेयाचं काहीही विकत घेतलेलं नव्हतं. गल्ले सांभाळणारा त्यांचा पुरवठादार ते वापरत होता. दूध-पाव घ्यायला आलेली माणसं बंद दारांवरून परत गेली, त्यांनी त्या कंपनीचं नावही कधी ऐकलं नसेल. दाल बाजारातल्या शेठजींनी तरी तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव कुठे ऐकलं होतं?

आपल्याकडेही हे झालं. ३१ जुलै २०२४ ला सी-एज टेक्नॉलॉजीज या पुरवठादारावर खंडणी-विषाणूचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय देयक महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, त्याची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे व्यवहार अडकले. चूक पुरवठ्याच्या साखळीत होती, आणि खिडकीपुढे खातेदार उभा राहिला.

अमेरिकेच्या चेंज हेल्थकेअर या औषधोपचारांची देयकं हाताळणाऱ्या कंपनीचं प्रकरण तर आणखी साधं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये चोरलेल्या नाव-पासवर्डानं कुणीतरी तिच्या दूरप्रवेशाच्या पोर्टलमधून शिरलं. त्या पोर्टलवर दुसरी पडताळणी, म्हणजे मोबाइलवर येणारा किंवा ॲपमध्ये उमटणारा आकडा, लावलेलीच नव्हती. कंपनीनं २ कोटी २० लाख डॉलरची खंडणी दिली आणि तरीही औषधांच्या दुकानांचे व्यवहार आठवडेच्या आठवडे विस्कळीत राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीत जे राहून गेलं, ते तुमच्या हातून राहिलं याचं मला नवल नाही. पण ते करायला पाच मिनिटं लागतात, आणि बहुतेक ठिकाणी वेगळा पैसाही पडत नाही. तुम्ही ते एकाही पेढीत केलं नाहीत.

ज्या पेढ्यांत बाहेरगावच्या शाखेवरून टॅली चालवायची होती, तिथे तुम्ही विंडोजचा रिमोट डेस्कटॉप राउटरमधून सरळ इंटरनेटवर उघडा टाकलात. त्याचं ठरलेलं दार ३३८९ क्रमांकाचं. ते दार इंटरनेटवर दिसलं की जगभरची यंत्रं दिवसरात्र तिथे पासवर्ड लावून बघतात. तुम्ही क्रमांक बदलून ३३९० केलात आणि 'सिक्युरिटी केली' असं बिलावर लिहिलंत. आधी व्हीपीएनमधून ओळख पटवायची आणि मगच आतलं दार दिसावं, ही साधी रीत आहे. आणखी एक: त्याच संगणकांना मालकाच्या डिजिटल सहीचा डोंगल लटकलेला असतो, पिन बहुतेक वेळा विकत आणली तेव्हाचीच. दुरून आत शिरलेला माणूस शेठजींच्या नावानं सही करू शकतो, हे त्यांना सांगायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. काम संपलं की डोंगल काढून तिजोरीत ठेवा, एवढंच.

'मालक पैसे देत नाहीत' हे तुमचं नेहमीचं उत्तर. देत नाहीत, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं आहेत ही. पण तुम्ही त्यांच्यापुढे पर्याय ठेवलेच नाहीत, तर त्यांनी नाकारलं काय? मेशसेंट्रल आणि रस्टडेस्क ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात, क्रॅक लागत नाही. पैसे मोजायची तयारी असेल तर चेन्नईच्या झोहोचं असिस्ट आहे, प्रत्येक तंत्रज्ञाला वेगळं खातं देणारं. यांतलं कोणतंही घ्या, माझा हट्ट कंपनीच्या नावाचा नाही. प्रवेश कुणाकुणाला हे मालकाला दिसलं पाहिजे. प्रत्येक माणसाचं खातं वेगळं हवं, म्हणजे तुमच्याकडची नोकरी सोडून गेलेल्या पोराचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता येईल. आत आल्या-गेल्याची नोंद पेढीकडे राहिली पाहिजे, तुमच्याकडे नव्हे. परवाना आणि मुख्य ईमेल मालकाच्या नावावर हवा. फाइली उचलून नेण्याची सोय एरवी बंद हवी, लागेल तेव्हाच उघडावी. आणि समोर बसलेल्या माणसानं होकार दिल्याखेरीज जोडणी होता कामा नये. विकत घेण्याआधी विचारायचे प्रश्न हे आहेत. किंमत त्यानंतर.

महाराष्ट्रातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करत. मग संगणक दुरुस्तीला आले. गिऱ्हाइकांच्या यंत्रांत सारखे विषाणू सापडायला लागले, तेव्हा संजय या धाकट्या भावानं त्यावर उतारा लिहायला घेतला, आणि त्यातून आजची क्विक हील उभी राहिली. तुमच्यासारखाच दुरुस्तीच्या टेबलावर बसलेला माणूस होता तो. फॉरमॅट मारून पैसे घेणं त्यालाही सोपं होतं. यंत्र पुन्हा पुन्हा का बिघडतं, हा प्रश्न त्या दोघा भावांनी स्वतःला विचारला. तुमच्याकडे त्याच जातीची यंत्रं येतात, त्याच तक्रारी येतात, आणि वर्षानुवर्षं तुमचं उत्तर फॉरमॅट हेच राहिलं आहे.

कायद्याचंही बोलते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी आणि कंपन्यांनी असे हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचे असतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तुम्ही तासाभरात फॉरमॅट मारलात. १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा, असंही तुमच्या तोंडून निघालं नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. पेढीच्या संगणकात हमालांचे आधार क्रमांक आहेत, शेतकऱ्यांची बँक खाती आहेत. ती माणसं ना तुम्हाला ओळखतात, ना मला. त्यांची माहिती कुणाच्या हातात जाईल हे ठरवण्याचा अधिकार तुमच्या एक-दोन-तीनला कुणी दिला?

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. माझ्या ओळखीच्या बहुतेक पेढ्यांत अजून तेच आहे. तुम्ही त्याबद्दलही अवाक्षर काढलेलं नाही. यंत्रं बदलायची की पैसे भरून मुदत वाढवून घ्यायची, हे मालकांना या वर्षी ठरवावं लागेल, आणि तेव्हा ते तुम्हालाच विचारतील. त्यांच्या ओळखीचं दुसरं कुणी नाही. म्हणून हे पत्र मी पोलिसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आता काय करायचं ते सांगते. ज्या ज्या संगणकात तुम्ही दुरून शिरण्याची सोय ठेवली आहे, त्या सगळ्यांची यादी करा: पेढी, सॉफ्टवेअर, आवृत्ती, पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे. प्रत्येक मालकाला भेटा आणि ती यादी समोर ठेवा. कीबोर्डखालच्या पट्ट्या काढा. क्रॅक काढून टाका. रिमोट डेस्कटॉपची उघडी दारं आजच बंद करा, उद्या नको. बॅकअपची एक प्रत अशी ठेवा जी कोणत्याही संगणकाला जोडलेली नसेल, आणि महिन्यातून एकदा ती उघडून दाखवा. या कामाचे पैसे मागा. मी स्वतः शेठजींना सांगेन की ते वाजवी आहेत, आणि घासाघीस करू देणार नाही.

माझ्याकडच्या पेढ्यांतून तुमचं सॉफ्टवेअर मी काढायला लावलं आहे. पुन्हा टाकायचं असेल तर आधी मालकाला विचारायचं, त्याच्या नावावर टाकायचं, आणि त्या वेळी मी तिथे असेन. यादी मात्र मोबाइलवर पाठवू नका. कागदावर आणा.

आपली,
दाल बाजारातली एक हिशेबनीस